अभियंता विश्वेश्वरय्या

महाराष्ट्राच्या पूर्व टोकास चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे आहेत. १९८२ सालापर्यंत हा सारा मुलूख एकच जिल्हा होता आणि त्याचे जुने नाव चांदा. साग, बांबू, मोह आणि तेंदू यांच्या दाट अरण्याने हा प्रदेश व्यापलेला आहे. या अरण्याच्या पोटात निसर्गाने मोठा ठेवा दडवून ठेवला आहे. लोहारा, सुरजागड यांसारख्या ठिकाणी लोहखनिजाचे डोंगर उभे आहेत, आणि वर्धा नदीच्या खोऱ्यात दगडी कोळशाचे थर पसरलेले आहेत. या भागातील कारागीर पूर्वापार लाकडी कोळशाच्या लहान लहान भट्ट्यांतून लोखंड गाळीत आणि नांगराचे फाळ, कुऱ्हाडी, विळे घडवीत.

१८८२ साली एका जर्मन तज्ज्ञाने चांद्याच्या लोखंडाविषयी लिहिलेला अहवाल जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला. त्यांनी वरोऱ्याच्या खाणीतील कोळसा परीक्षेसाठी थेट जर्मनीस धाडला. परंतु लोखंड वितळविण्याच्या मोठ्या भट्टीस तो योग्य ठरला नाही. सरकारच्या अटीही जाचक होत्या. तो बेत तेव्हा सोडून द्यावा लागला. पुढे वीस वर्षांनी त्यांचे पुत्र दोराबजी हे वेल्ड नावाच्या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाला घेऊन चांद्याच्या रानात बैलगाडीने हिंडले. खनिज सापडले, पण मोठ्या कारखान्यास पुरेल इतके त्या जागी आढळले नाही. अखेर टाटांचा कारखाना पूर्वेकडे, आजच्या जमशेदपूर येथे उभा राहिला.

या हकिकतीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. डोंगर आपला, कोळसा आपला, भांडवलही आपले. परंतु ते पारखणारे तज्ज्ञ मात्र परदेशातून बोलवावे लागले. त्या काळी आपल्या देशात विद्वान इंजिनिअर नव्हते असे नाही. पण जे होते, त्यांच्यापुढे एकच रुळलेली वाट होती. ती म्हणजे सरकारी नोकरी. ठरलेला पगार, ठरलेली बढती आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन! या वाटेने जाऊन मोठा मान मिळविणारा, आणि पुढे ती वाट आपण होऊन सोडून देणारा एक इंजिनिअर होऊन गेला. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती नावाचे गाव आहे. त्याच नावाच्या दुसऱ्या एका गावी, म्हैसूर संस्थानाच्या अरण्यात, त्याने लोखंडाचा कारखाना चालवून दाखविला. त्या पुरुषाचे नाव मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६० रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतचे पंडित होते. घरात विद्या होती, पण द्रव्य नव्हते. विश्वेश्वरय्यांच्या लहानपणीच वडील वारले आणि कुटुंबाची स्थिती अधिकच बिकट झाली. प्राथमिक शिक्षण चिक्कबळ्ळापूर येथे झाल्यावर हा मुलगा बंगळूर येथे मामांकडे आला. मामांची परिस्थितीही बेताचीच होती. तेव्हा एका सधन गृहस्थाच्या मुलांना शिकवावे, त्यांच्याच घरी राहावे, आणि त्या मिळकतीतून स्वतःच्या शिक्षणाचा खर्च चालवावा, असा त्याने क्रम ठेवला. पै पै कशी मिळते आणि ती कशी जपावी लागते, हे तो कोवळ्या वयातच शिकला. १८८१ साली तो मद्रास विद्यापीठाची बी. ए. ची परीक्षा उत्तीर्ण झाला.

पुढे काय करावे, हा प्रश्न उभा राहिला. बी. ए. झालेल्या तरुणाला त्या काळी कचेरीत कारकुनाची किंवा शाळेत शिक्षकाची जागा सहज मिळत असे. घरच्या गरिबीचा विचार करता ती जागा पत्करणे गैर ठरले नसते. पण विश्वेश्वरय्यांना गणिताची गोडी होती आणि इंजिनिअर होण्याची इच्छा होती. म्हैसूर सरकारने त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्यास आले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात स्थापत्यशास्त्राचा अभ्यासक्रम होता. हीच संस्था पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून नावारूपास आली. परका प्रांत, परकी भाषा आणि हातात मोजका पैसा असतानाही विश्वेश्वरय्यांनी अभ्यासावरचे लक्ष ढळू दिले नाही. १८८३ साली अंतिम परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि जेम्स बर्कले पारितोषिक त्यांना मिळाले.

या पहिल्या क्रमांकाचे मोल केवळ मानापुरते नव्हते. त्या काळी सरकारी बांधकाम खात्यातील वरच्या जागा बहुतेक इंग्रजांकडे असत. हिंदुस्थानात पाठवावयाच्या इंजिनिअरांसाठी इंग्लंडमध्ये कूपर्स हिल येथे १८७१ साली एक स्वतंत्र महाविद्यालयच काढलेले होते. येथील महाविद्यालयांतून शिकणाऱ्या तरुणांना मोजक्याच जागा मिळत. पुण्यास पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास मात्र मुंबई सरकार साहाय्यक इंजिनिअरची जागा देत असे. त्याप्रमाणे १८८४ साली विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. शिकवण्या करून शिकलेल्या मुलाच्या घरी आता दरमहा निश्चित वेतन येऊ लागले.

त्यांची पहिली नेमणूक नाशिक जिल्ह्यात आणि त्यानंतरची खानदेशात झाली. धुळ्याजवळ पांझरा नदीच्या एका ओढ्याखालून नळ घालून कालव्याचे पाणी पलीकडे न्यावयाचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळा सुरू झाला होता. खणलेला चर वाळूने पुन्हा पुन्हा भरून जाई. पाऊस संपेपर्यंत काम थांबवावे, असे या तरुण इंजिनिअरने सुचविले. वरिष्ठांना ते रुचले नाही. हा कामाची टाळाटाळ करीत आहे, असा त्यांचा समज झाला. तेव्हा विश्वेश्वरय्यांनी वाद घातला नाही. ऐन पावसाळ्यात, घोड्यावरून खेपा घालीत, त्यांनी ते काम पुरे करून दाखविले. वरिष्ठांचे मत पालटले. नोकरीच्या पहिल्याच काळात घडलेला हा प्रसंग विश्वेश्वरय्या कधी विसरले नाहीत.

पुढील काळात त्यांची बदली जेथे जेथे झाली, तेथे तेथे त्यांनी आपली छाप उमटविली. सिंध प्रांतात सक्कर शहराला सिंधू नदीचे पाणी पुरवावयाचे होते. ते पाणी गढूळ असे आणि गाळण्याच्या यंत्रणेवर मोठा खर्च करण्यास नगरपालिकेजवळ पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणविली. वाळूच्या थरांतून झिरपून येणारे स्वच्छ पाणी त्या विहिरीत जमा होऊ लागले. वाळूचाच गाळणीसारखा उपयोग करून त्यांनी थोड्या खर्चात शहराची तहान भागविली.

पुण्यास त्यांनी केलेले काम तर सर्वांच्या परिचयाचे आहे. पुण्याजवळ खडकवासला येथे मुठा नदीवर धरण आहे. पावसाळ्यात तलाव भरला की जास्तीचे पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात मात्र पाण्याची टंचाई भासे. पाणी अधिक साठवावे, तर धरणाची भिंत उंच करावयास हवी. ते खर्चाचे होते आणि जुन्या बांधकामावर भार टाकणारेही होते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर लोखंडी दरवाजे बसविण्याची युक्ती काढली. पाणी ठरावीक उंचीपर्यंत चढेतो हे दरवाजे बंद राहत आणि पाणी अडवून धरीत. पाणी त्याहून वर चढू लागले, की पाण्याच्याच भाराने ते आपोआप उघडत. पूर ओसरला, की आपोआप मिटत. कोणा माणसाने रात्री-अपरात्री जाऊन ते उघडावयाची गरज नव्हती. या दरवाजांमुळे भिंत न वाढविता तलावात सुमारे आठ फूट अधिक पाणी राहू लागले.

या शोधाचे एकस्व, म्हणजे पेटंट, विश्वेश्वरय्यांच्या नावे नोंदले गेले. जो कोणी असे दरवाजे बसवील, त्याने शोधकाला मोबदला द्यावा, असा एकस्वाचा नियम असतो. त्या पैशांवर त्यांचा हक्क होता. परंतु ते पैसे त्यांनी घेतले नाहीत. हे दरवाजे आपण सरकारी सेवेत असताना, सरकारी काम करीत असताना योजिले. त्या कामाचे वेतन आपणास मिळालेले आहे. तेव्हा एकाच कामाचे दोनदा मोल घेणे योग्य नव्हे, असा त्यांचा विचार होता. याच पद्धतीचे दरवाजे पुढे इतर धरणांवरही बसविण्यात आले.

नीरा कालव्यावर त्यांनी पाणीवाटपाची नवी रीत घालून दिली. पूर्वी कालव्याचे पाणी दूर दूर विखुरलेल्या शेतांना जाई आणि वाटेतच पुष्कळसे मुरून जाई. त्यांनी शेतांचे सलग गट पाडले आणि गटातील ठरावीक भागातच ऊस, उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके घ्यावीत, अशी योजना केली. तिला ब्लॉक पद्धत म्हणतात. नव्या रीतीस शेतकऱ्यांचा प्रथम विरोध झाला. विश्वेश्वरय्यांनी त्यांच्या शंका ऐकून घेतल्या, आपली बाजू समजावून दिली, आणि तेच पाणी अधिक शेतांना पुरते असे अनुभवास आल्यावर तो विरोध मावळला.

पुण्यातील वास्तव्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा परिचय झाला. आपला देश केवळ शेतीवर विसंबून राहिला आणि कच्चा माल बाहेर धाडून पक्का माल विकत घेत राहिला, तर त्याचे दारिद्र्य हटणार नाही, असे रानडे सांगत असत. १८९८ साली विश्वेश्वरय्यांनी रजा घेऊन जपानचा प्रवास केला. जपान हाही पूर्वेकडील देश. परंतु शाळा, धंदेशिक्षण आणि कारखाने यांच्या बळावर तो तीस वर्षांत कोठल्या कोठे पोहोचला होता. हे पाहून त्यांच्या मनात एक विचार घर करून बसला. नद्यांना बांध घालण्याचे काम थोर खरे, परंतु देशातील हजारो हातांना उद्योग मिळवून देण्याचे काम त्याहूनही मोठे आहे.

१९०८ सालापर्यंत त्यांच्या नोकरीला चोवीस वर्षे होत आली होती. आपल्या गुणांवर त्यांनी अनेक ज्येष्ठ अधिकाऱ्यांना मागे टाकले होते. आता वरची जागा उरली होती ती मुख्य इंजिनिअरची. परंतु मुंबई इलाख्यात ती जागा इंग्रजाखेरीज कोणास मिळेल, अशी चिन्हे नव्हती. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. आहे त्या हुद्द्यावर स्वस्थ बसावे आणि उत्तम पगार घ्यावा. नाही तर नोकरी सोडावी. पूर्ण निवृत्तिवेतन मिळण्यास पंचवीस वर्षांची सेवा व्हावी लागे. ती भरण्यास अगदी थोडा काळ उरला होता. गरिबीतून वर आलेल्या, कुटुंबाचा भार वाहणाऱ्या माणसाने अशा वेळी थोडी कळ काढली असती, तर कोणीही त्याला नावे ठेवली नसती.

विश्वेश्वरय्यांनी नोकरी सोडली. आपल्या कर्तृत्वाला जेथे पुढे वाव नाही, तेथे केवळ महिन्याच्या पगारासाठी राहणे त्यांना मानवले नाही. त्यांची सेवा एवढी मोलाची होती, की मुदत भरली नसतानाही सरकारने त्यांना निवृत्तिवेतन मंजूर केले. ते मात्र त्यांनी स्वीकारले, कारण ते त्यांच्या श्रमाचे होते. विश्वेश्वरय्या द्रव्याला तुच्छ लेखणारे नव्हते. केलेल्या कामाचे योग्य मोल मिळालेच पाहिजे, असे ते मानीत. मात्र मोल कोणत्या कामाचे आणि ते घेण्याचा आपला हक्क किती, हा प्रश्न ते दर वेळी स्वतःला विचारीत.

नोकरी सोडून ते युरोपच्या प्रवासास निघाले. त्याच सुमारास, २८ सप्टेंबर १९०८ रोजी, हैदराबाद शहरात मुसी नदीला भयंकर पूर आला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना साहाय्यासाठी पाचारण केले. १९०९ साली त्यांनी हैदराबादेस जाऊन नदीची आणि शहराची पाहणी केली आणि शहराच्या वरच्या अंगास जलाशय बांधून पुराचे पाणी अडवावे, अशी योजना आखून दिली. त्या योजनेतूनच पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे दोन तलाव निर्माण झाले.

हे काम चालू असतानाच त्यांना म्हैसूर संस्थानाचे बोलावणे आले. जन्मभूमीने मुख्य इंजिनिअरचे पद देऊ केले होते. मुंबई इलाख्यात जे पद मिळणे अशक्य होते, तेच येथे आपण होऊन चालत आले. तरीही विश्वेश्वरय्यांनी लगेच होकार दिला नाही. संस्थान उद्योगधंदे आणि तांत्रिक शिक्षण वाढविण्यास मनापासून तयार आहे काय, असे त्यांनी प्रथम विचारले. तसे आश्वासन मिळाल्यावरच, नोव्हेंबर १९०९ मध्ये, ते म्हैसूरचे मुख्य इंजिनिअर झाले.

कावेरी नदीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ साली त्यांच्या देखरेखीखाली सुरू झाले. एवढ्या मोठ्या खर्चास संस्थानाच्या दरबारात आरंभी विरोध होता. विश्वेश्वरय्यांनी आकडे मांडून दाखविले, की या पाण्यावर शेती भिजेल आणि शिवसमुद्रम येथील वीजकेंद्राला बारमाही पाणी मिळेल. सुमारे १३० फूट उंचीचे ते धरण चुना आणि विटांची पूड यांच्या मिश्रणाने बांधले गेले. त्याला पूर्णत्व येण्यास वीस वर्षे लागली. पण मंड्या भागातील कोरडवाहू जमीन त्या पाण्याने हिरवीगार झाली.

१९१२ साली महाराजांनी त्यांना संस्थानाचे दिवाण नेमले. दिवाणपद पत्करण्यापूर्वी त्यांनी आप्तेष्टांना घरी बोलावून, माझ्या अधिकाराचा उपयोग करून कोणी नोकरी वा सवलत मागू नये, अशी अट घातली, असे सांगतात. पुढील सहा वर्षांत म्हैसुरात बँक निघाली, शेतकी शाळा निघाली, चंदनाच्या तेलाचा कारखाना निघाला. १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले आणि १९१७ साली बंगळूर येथे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. शिक्षण आणि उद्योग ही गाडीची दोन चाके आहेत, अशी त्यांची धारणा होती. महाविद्यालयातून इंजिनिअर बाहेर पडावेत आणि देशात त्यांना कामच मिळू नये, तर ती विद्या वाया जाते. कारखाने निघावेत आणि ते चालविण्यास आपली माणसेच नसावीत, तर तो उद्योग परक्यांच्या हाती राहतो.

१९१८ सालाच्या अखेरीस त्यांनी दिवाणपद सोडले. शिक्षणात व अधिकारात मागे राहिलेल्या समाजांना सरकारी जागांत वाटा मिळावा, अशी मागणी तेव्हा म्हैसुरात होऊ लागली होती आणि महाराज तिला अनुकूल होते. नेमणूक केवळ गुणवत्तेवर व्हावी, असे विश्वेश्वरय्यांचे मत होते. हा मतभेद मिटला नाही. ज्यांना शिकण्याची संधीच मिळाली नव्हती, त्यांची मागणी रास्त होती, हे काळाने पुढे दाखवून दिले आहे. विश्वेश्वरय्यांना ते पटले नाही, ही गोष्टही प्रांजळपणे सांगावयास हवी. मात्र मनास न पटणारे धोरण अधिकारासाठी चालवावयाचे नाही, हा आपला बाणा त्यांनी याही वेळी सोडला नाही.

आता त्या दुसऱ्या भद्रावतीकडे वळू. म्हैसूर संस्थानात बाबाबुदन डोंगरावर लोहखनिज होते आणि भोवती घनदाट अरण्य होते. दगडी कोळसा मात्र जवळपास नव्हता. तेव्हा अरण्यातील लाकडापासून कोळसा करावा आणि त्यावर लोखंड गाळावे, अशी योजना ठरून भद्रावती येथे कारखाना उभा राहिला. १९२३ साली तो सुरू झाला, तो मोठ्या अडचणीतच. पहिले महायुद्ध संपून लोखंडाचे भाव उतरले होते. खर्च वाढला होता आणि तोटा होत होता. हा पांढरा हत्ती संस्थानाने पोसू नये, असे लोक उघड बोलू लागले. तेव्हा सरकारने कारखान्याचा कारभार विश्वेश्वरय्यांच्या हाती दिला. त्या वेळी ते त्रेसष्ट वर्षांचे होते.

त्यांनी प्रथम हिशेब तपासले. जेथे मोठ्या पगाराचे परदेशी अधिकारी होते, तेथे त्यांनी हळूहळू येथील शिकलेले तरुण आणले आणि त्यांना प्रत्यक्ष कामावर तयार केले. लाकूड जाळताना वाया जाणाऱ्या धुरापासून उपयुक्त द्रव्ये काढण्याचे काम त्यांनी नीट बसविले. अपव्यय थांबला, उत्पादन वाढले आणि बंद पडू पाहणारा कारखाना तगला. पुस्तकी ज्ञान घेतलेले कित्येक तरुण इंजिनिअर येथे खरे इंजिनिअर झाले.

या कामाचे वेतन विश्वेश्वरय्यांनी घेतले नव्हते. कारखाना तोट्यात असताना त्यातून आपण पगार उचलणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. सहा वर्षांनी, १९२९ साली, ते त्या कामातून मुक्त झाले. त्यांना देय असलेली रक्कम साठत जाऊन लाख रुपयांच्या वर गेली होती. ती त्यांनी स्वीकारावी, असा सरकारने आग्रह धरला. विश्वेश्वरय्यांनी ती रक्कम स्वतःसाठी घेतली नाही. तीतून गरीब मुलांना हातातील धंदा शिकविणारी संस्था काढावी, असे सुचविले. त्याप्रमाणे बंगळूर येथे एक धंदेशिक्षण संस्था १९४३ साली सुरू झाली. तिला त्यांचे नाव दिले गेले नाही, महाराजांचे दिले गेले. तेथून बाहेर पडलेल्या कुशल कारागिरांनी अनेक कारखान्यांत काम मिळविले.

वय वाढत गेले, तरी त्यांचे काम थांबले नाही. मुंबई इलाख्यात तांत्रिक व औद्योगिक शिक्षण कसे असावे, हे ठरविण्यासाठी १९२१ साली नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. १९३४ साली त्यांनी देशाच्या नियोजित अर्थव्यवस्थेविषयी ग्रंथ लिहिला. शेती, उद्योग आणि शिक्षण यांची वाढ आखणी करून, ठरावीक मुदतीत घडवून आणावी, हा विचार त्यांनी तेव्हा मांडला. स्वतंत्र भारताची पहिली पंचवार्षिक योजना त्यानंतर सतरा वर्षांनी सुरू झाली. देशात मोटारी तयार व्हाव्यात, म्हणून त्यांनी वालचंद हिराचंद यांच्यासह खटपट केली. १९५२ साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, गंगा नदीवरील पुलाची जागा ठरविण्यासाठी ते बिहारात प्रत्यक्ष फिरले. १९५५ साली भारत सरकारने त्यांना भारतरत्न ही सर्वोच्च पदवी दिली. १४ एप्रिल १९६२ रोजी बंगळूर येथे, वयाची शंभर वर्षे पूर्ण केलेल्या या कर्मयोग्याने देह ठेवला. भद्रावतीच्या कारखान्याला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

चांद्याच्या ज्या डोंगरांपासून ही हकिकत सुरू झाली, ते डोंगर आजही उभे आहेत. मधल्या काळात पुष्कळ बदल झाला आहे. बल्लारपुरास कागद होतो, चंद्रपुरास वीज होते, सुरजागडच्या डोंगरातून खनिज निघू लागले आहे. चंद्रपुरास १९९६ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. सिरोंचा, एटापल्ली, मूल, राजुरा यांसारख्या गावांतील मुलांना आता अशा शिक्षणासाठी पूर्वीइतके दूर जावे लागत नाही. इंजिनिअर होऊन बाहेर पडणाऱ्या या तरुणांपुढेही तोच जुना प्रश्न उभा राहतो. मोठ्या शहरात जावे, परदेशी जावे, सरकारी जागेची वाट पाहावी, की आपल्याच मुलुखात काही उभे करावे?

या प्रश्नाचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. ज्याच्या घरी आईवडील त्याच्या पगाराकडे डोळे लावून बसले आहेत, त्याने पगाराचा विचार अवश्य करावा. विश्वेश्वरय्यांनीही तरुणपणी तो केला होता. पण पगार किती मिळेल, एवढे विचारून ते थांबले नाहीत. हे काम मला काय शिकवील आणि यातून आणखी किती जणांना काम मिळेल, हेही त्यांनी विचारले. आजच्या इंजिनिअरला तर याहून एक प्रश्न अधिक विचारावा लागेल. भद्रावतीच्या भट्टीने त्या काळी कितीतरी अरण्य खाल्ले. तेव्हा त्याचा हिशेब फारसा कोणी मांडला नाही. आज डोंगर फोडताना रान किती उरेल, नदीचे पाणी स्वच्छ राहील काय, आणि त्या रानावर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या माणसांच्या हाती काय येईल, हेही आकडे त्याच वहीत मांडावयास हवेत. अपव्यय सहन न करणारे आणि आकड्यांवाचून एक पाऊल न टाकणारे विश्वेश्वरय्या आज असते, तर त्यांनीही ही वही कोरी ठेवली नसती.